ऑल-इन-वन ट्रेल लाइट (सायकल)

रात्री जंगलातल्या किंवा डोंगरातल्या कच्च्या वाटेवर सायकल मारायला वापरतात तो जोरदार लाइट. यात एलईडी, लिथियम-आयन सेल, सर्किट, बटण सगळं एकाच अॅल्युमिनियमच्या डबीत असतं, लोंबणारी वायर नाही की फ्रेमला पट्ट्याने बांधलेली वेगळी बॅटरी नाही. हँडलबारवर किंवा हेल्मेटवर अडकवायचा, घरी आल्यावर काढून चार्जिंगला लावायचा. उजेड साधारण 800 ते 2000 ल्युमेन (लाइटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप), मोठी मॉडेल्स त्याच्याही पुढे जातात. शहरातला छोटा लाइट मुख्यतः आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो, हा मात्र आपल्याला दगड, मुळं, घळी दिसाव्यात म्हणून, कारण ताशी 30 किमी म्हणजे सेकंदाला 8 मीटरच्या वर, बघून ब्रेक दाबून थांबेपर्यंत 20 मीटर सहज जातात.

आधी हे सगळं एका डबीत मावतच नव्हतं. 1990 च्या दशकात हॅलोजन बल्ब आणि पाण्याच्या बाटलीच्या आकाराची जड बॅटरी, ती बाटलीच्याच स्टँडमध्ये ठेवायची. 1992 ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाइटने ‘24 आवर्स ऑफ केनान’ ही रात्रभर चालणारी माउंटन बाइक रेस सुरू केली, अशा रेसमुळे चांगल्या लाइटची मागणी वाढली. मग एचआयडी (गॅसमधल्या विजेच्या ठिणगीवर पेटणारे दिवे) आले, उजेड मस्त, पण पेटायला काही सेकंद घ्यायचे आणि गरम असताना विझले की परत पेटायला कटकट. 2006 च्या आसपास एलईडी खरंच दमदार झाले आणि लॅपटॉपमुळे 18650 सेल (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) सगळीकडे मिळायला लागला, तेव्हा कुठे वायर गेली. इंग्लंडच्या एक्स्पोजर कंपनीने तर बिनवायरचे लाइट हीच आपली ओळख केली.

खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा बघून लाइट घेणं हा सगळ्यात कॉमन घोटाळा आहे. 1000 ल्युमेनला साधारण 10 वॅट लागतात आणि 3500 एमएएचच्या (सेलची क्षमता मोजायचं एकक) एका सेलमध्ये 12 वॅट-तासांच्या आसपास वीज असते, म्हणजे फुल पॉवरवर सव्वा तास, बस. 2000 ल्युमेन आणि चार तास असं दोन्ही एका छोट्या डबीवर लिहिलेलं असेल तर समजून जायचं. त्यात एफएल1 या टॉर्च-हेडलॅम्पच्या चाचणीच्या मानकानुसार ल्युमेन मोजतात ते लाइट लावल्यावर 30 ते 120 सेकंदांमध्ये, आणि रनटाइम म्हणजे उजेड 10 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ, ट्रेलवर 10 टक्क्यांचा काय उपयोग!

दुसरी अडचण उष्णता. एलईडीत जाणाऱ्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णताच होतो आणि इथे सेल त्याच डबीत शेजारी, म्हणून बॉडीला बाहेरून खाचा असतात आणि वारा लागला तरच ती थंड राहते. पंक्चर काढायला थांबलात की डबी तापते आणि सर्किट आपोआप उजेड कमी करतं, हा बिघाड नाही. थंडीत उलटंच, सेलची क्षमता घटते. स्कॉटलंडची स्ट्रॅथपफर ही 24 तासांची रेस जानेवारीत होते आणि त्यात 17 तासांच्या आसपास अंधार असतो, तिथे एका लाइटवर कुणीच निघत नाही.

अनुभवी लोक दोन लाइट लावतात. हँडलबारचा रुंद बीमचा, तो डोळ्यांच्या खाली असल्यामुळे दगडांच्या सावल्या पडतात आणि उंचसखल कळतं. हेल्मेटचा हलका आणि लांब फेकणारा, कारण वळणावर हँडल अजून सरळ असतं पण मान आधीच वळलेली असते. नुसता हेल्मेटचा लावला तर सावल्या दिसत नाहीत, सगळं सपाट वाटतं, आणि धुक्यात किंवा धुळीत तोच उजेड डोळ्यांवर परत येतो. निळसर पांढऱ्यापेक्षा 4000-5000 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) उजेड बरा, माती आणि मुळं वेगळी ओळखू येतात.

रस्त्यावर हा लाइट फुल ठेवणं म्हणजे समोरच्याला आंधळं करणं, कारण बीम गोल असतो, वर जाणारा उजेड कापलेला नसतो. जर्मनीत रस्त्यासाठी असा कापलेला बीम नियमानेच लागतो. आपल्याकडे बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या 200 किमी आणि त्याहून लांब सायकल राइड) करणारे रात्रीच्या हायवेसाठी असलेच लाइट घेतात, त्यांनी तो खाली झुकवून लो मोडवर ठेवावा, तिथे ल्युमेनपेक्षा पहाटेपर्यंत टिकणं महत्त्वाचं.

सेल सीलबंद असेल तर काही वर्षांनी तो म्हातारा होतो आणि चांगला एलईडी असूनही लाइट बाद होतो. सेल बदलता येतो असे मॉडेल म्हणून मला जास्त पटतात, फक्त 9900 एमएएच छापलेले स्वस्त 18650 घेऊ नका, त्या आकारात एवढं मावतच नाही, असा सेल घाटाच्या मध्यावरच मान टाकतो.