उतारावर मांडीच होते ब्रेक

कळसूबाईवरून (1646 मीटर) उतरताना बारी गावाची घरं जवळ दिसायला लागतात, तेव्हा पाय लटपटायला लागतात. दम लागलेला नसतो, पण गुडघा वाकवला की मांडी थरथरते. खरा त्रास दुसऱ्या दिवशी. मांड्या अशा भरून येतात की जिना कठडा धरून, तिरकं तिरकं उतरावा लागतो. चढताना मात्र तितकं दुखत नाही! मी नेमाने सायकलवर घाट चढतो, तरी माझं हेच झालं. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसला होता.

सायकलवर घाट उतरताना उंचीची ऊर्जा वाऱ्यात आणि ब्रेकमध्ये जिरते. माळशेज उतरून थांबल्यावर रिमला बोट लावून पाहा, धातू चांगलाच तापलेला असतो. पायी उतरणाऱ्याला असा ब्रेक नाही. 70 किलोचा माणूस 900 मीटर उतरतो तेव्हा सहा लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्यात साधारण दोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. हे काम मुख्यतः पायांचे स्नायू करतात, त्यातही मांडीचा पुढचा स्नायू. भरलेली कळशी दोराने आडात सावकाश सोडताना हात ताण धरूनच दोर सोडतो, तसा हा स्नायू प्रत्येक पावलाला ताण धरून लांबत जातो. सायकलच्या पॅडलवर तो फक्त आखडून जोर लावतो. म्हणून घाट चढून कमावलेली मांडी उतारावर नवखीच असते.

1952 साली अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचं, दुसऱ्याने ते रोखत राहायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कित्येक पटींनी कमी लागला. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण उतारावर छाती का शांत राहते ते त्यातून लख्ख कळतं. आणि मांडी का भरते, तेही याच्याशीच जोडलेलं आहे. रोखण्याच्या कामाला स्नायूतले थोडेच तंतू लागतात, त्यामुळे एकेका तंतूवर भार जास्त पडतो. ताणले जाताना त्यांची बारीक वीण जागोजागी उसवते, मग सूज येते. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्याने पाय दुखतात असं अजूनही सांगितलं जातं, पण ते तर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं.

एकदा उसवलेला स्नायू भरून येताना शहाणा होऊन येतो. पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला फार कमी इजा करतो. म्हणून मोठ्या ट्रेकच्या दोनेक आठवडे आधी एखादा डोंगर उतरून या. पुणेकरांना सिंहगड आहेच. पावलं आखूड टाका, जमल्यास काठ्या घ्या. त्या वेळी मांड्या भरतील. कळसूबाईनंतरच्या सकाळी जिना मात्र सरळ उतरता येईल.