मदत मिळाली म्हणजे आधार मिळाला असं नाही

घर एकटीने चालवणाऱ्या बायकांवरचा कुठलाही अहवाल उघडा. ‘सामाजिक आधार’ या मथळ्याखाली लाभार्थींची संख्या सापडेल. निराधार अनुदान किती जणींना, शिलाई मशीन किती जणींना, बचत गटात किती जणी. हे मोजमाप मदतीचं आहे. आधाराबद्दल त्यात बहुधा एक ओळही नसते, आणि तरी निष्कर्षात ‘आधारामुळे महिलांचं जीवनमान सुधारलं’ असं छापून मोकळे होतात.

मदत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पटकन उरकतो. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटितांना महिना 1500 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर 1 लाख, त्यातले 30,000 हातात आणि उरलेले ठेवीत. मदत सरकारी की संस्थेची, रोख की वस्तूची, यावर मी शब्द खर्च करणार नाही. मदत ही घडून गेलेली गोष्ट असते. तिला तारीख असते, रक्कम असते, सही-अंगठा असतो. म्हणून ती मोजायला सोपी आणि फोटो काढायलाही सोपी. (शिलाई मशीन वाटपाच्या फोटोत मशिनीपेक्षा पाहुणे जास्त असतात. गावात ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका किती, हे मात्र कुणी विचारत नाही.)

आधार म्हणजे उद्या अडलं तर कुणाला हाक मारायची हे आज माहीत असणं. रात्री पोराला ताप भरला तर गाडी कोण काढेल? तलाठ्याकडे वारस नोंदीला सोबत कोण येईल? मानसिक आरोग्याच्या अभ्यासांत हा फरक जुना आहे. हाती पडलेली मदत आणि ‘लागली तर मिळेल’ ही खात्री या दोन गोष्टी तिथे वेगळ्या मोजतात. मनाच्या स्वास्थ्याशी खात्रीचं नातं जास्त पक्कं दिसतं, मदतीचं उलटसुलट. त्यात नवल नाही. जिच्यावर संकटं जास्त, तिलाच मदत जास्त वेळा घ्यावी लागते. ‘गेल्या वर्षभरात कुणाची मदत मिळाली का?’ याला सारखी ‘हो’ म्हणणारी बाई कदाचित सगळ्यांत जास्त अडचणीत असेल. फॉर्मवर मात्र ती भरपूर आधार असलेली ठरते.

पण खरी गल्लत होते ती नात्यांत. ‘तिला काय, दीर आहेत, भाऊ खंबीर आहेत,’ हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. माणसं आहेत, मदतही करतात. प्रश्न एवढाच आहे की तिने एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हटलं तर ती मदत टिकते का?

माहेराचंच बघा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करतात, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. मग नवरा गेल्यावर किंवा त्याने टाकल्यावर भाऊ पोरांची फी भरतो, दिवाळीला साडी घेतो. ही मदतच आहे. पण या बाईला ठाऊक असतं की हा ओघ तिच्या एका सहीवर चालू आहे. सासरीही तेच. दीर शेत करतो, धान्य देतो, सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायचा विषय निघाला की बोलणं बंद. बीडकडच्या ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडपं. जोडीदार नसलेल्या बाईला नात्यातल्या कुणा पुरुषाबरोबर कोयता लावावा लागतो. उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, त्याच्या हातात, कष्ट दोघांचे. तो तिला ‘सोबत नेतो’ हेही गावाच्या हिशेबात उपकारच.

ज्या मदतीची फेड गप्प राहून करावी लागते, तिला मी आधार म्हणणार नाही.

बचत गटांबद्दल सरसकट बोलणंही थांबवा. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या गटात बायका स्वतःची बचत फिरवतात. मायक्रोफायनान्सच्या गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर येतो, आणि कालची मैत्रीण आज वसुलीला दारात उभी राहते. दोन्हींना ‘गट’ म्हणतात एवढंच.

उलटंही होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यात कुणाला एक रुपया मिळाला नाही, म्हणजे मदतीच्या रकान्यात शून्य. पण गाव आपल्या बाजूने आहे हे बाईला कळणं हा आधार आहे. ठरावामुळे हळदीकुंकवाचं बोलावणं येतंच असं नाही, तेही खरं.

तेव्हा सर्वेक्षण करणार असाल तर आधी बाई ठरवा. रेशनकार्डावर पहिलं नाव आहे म्हणून ती घर चालवते असं धरू नका. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी, 18 वर्षांवरची स्त्री कार्डापुरती प्रमुख केली आहे, नवरा-मुलगे घरात असले तरी. मग विचारा: अडल्यावर पहिला फोन कुणाला? त्यांचं न ऐकता वागलात तर पुढच्या वेळी ते येतील का? आणि हे दिराला ओट्यावर बसवून विचारू नका.