मायक्रोनीडल पॅच : त्वचेत विरघळणाऱ्या सुया

मायक्रोनीडल पॅच म्हणजे साधारण नाण्याएवढी चकती, तिच्या एका बाजूला मिलिमीटरपेक्षाही बुटक्या अशा पुष्कळ सुया असतात आणि टिकली लावतो तशी ती अंगठ्याने दाबून त्वचेवर बसवायची. धातूच्या किंवा सिलिकॉनच्या सुयांचेही पॅच असतात, पण इथे बोलायचंय ते विरघळणाऱ्यांबद्दल, कारण खरी गंमत त्यांच्यात आहे. यात सुईच औषधाची असते, म्हणजे औषध मिसळलेला असा पदार्थ जो शरीराला चालतो आणि त्वचेतल्या ओलाव्याने काही मिनिटांत विरघळून जातो.

एवढा खटाटोप कशाला, नुसतं मलम चोळलं तर? नाही जात आत. त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड, म्हणजे केसाहूनही पातळ, पण विटा रचून मधे चरबीचं सिमेंट भरावं तसा पक्का. साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) रेणूच त्यातून बऱ्यापैकी जातात. निकोटिन १६२ चं, म्हणून सिगरेट सोडायचा पॅच चालतो, इन्शुलिन मात्र ५,८०० च्या आसपास आणि लसीतली प्रोटीनं तर अजून मोठी, ती बाहेरच राहतात. १९७९ साली अमेरिकेत पहिला औषधी पॅच मंजूर झाला, प्रवासातल्या मळमळीवरचा स्कोपोलामिनचा, आणि तेव्हापासून पॅचमधे आलेली औषधं मोजकीच आहेत ती याच अडचणीमुळे.

बारीक सुयांनी हा थर टोचायची कल्पना १९७० च्या दशकातल्या पेटंटमधे सापडते, पण तेवढ्या बारीक सुया बनवणं जमलं ते चिप बनवायचं तंत्र हाताशी आल्यावर. १९९८ मधे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात मार्क प्राउस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सुया करून दाखवल्या. पुढे हायल्युरोनिक अॅसिड, रेशमातलं फायब्रॉइन, जिलेटिन, कोळंबीच्या सालांपासून निघणारं कायटोसन असे पदार्थ सुयांसाठी आले. हो, जी सालं आपण कोळंबी सोलून टाकून देतो तीच.

बनवायची पद्धत ऐकायला सोपी आहे, रबरासारख्या सिलिकोनच्या साच्यात द्रावण ओतायचं, व्हॅक्यूम लावून किंवा गरगर फिरवून ते टोकापर्यंत उतरवायचं, वाळवायचं आणि सोलून काढायचं. टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला की सुई बोथट, झालं काम. कोरडी असताना त्वचेत घुसण्याइतकी कडक आणि ओली झाली की लगेच विरघळणारी, या दोन्ही गोष्टी एकाच पदार्थाकडून हव्यात, आणि खरी डोकेदुखी हीच आहे. दमट हवेत उघडं राहिलेलं पॅच पावसाळ्यातल्या पापडासारखं नरम पडतं आणि टोचण्याऐवजी वाकतं, म्हणून पाकीट हवाबंद लागतं.

शिवाय एवढ्याशा टोकांत औषध मावणार किती? त्यामुळे पॅरासिटामॉलसारखी शेकडो मिलिग्रॅमची औषधं बादच, पण लस मायक्रोग्रॅममधे पुरते. २०१७ मधे अमेरिकेतल्या १०० जणांवर फ्लूच्या लसीच्या पॅचची पहिल्या टप्प्यातली चाचणी छापून आली, प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद इंजेक्शनच्या तोडीचा होता आणि काहींनी तर पॅच स्वतःच लावलं. सुया विरघळून गेल्यामुळे वापरलेल्या पॅचला टोकच उरत नाही. २०२४ मधे गॅम्बियातल्या चाचणीचे निकाल आले, तिथे गोवर-रुबेलाची लस तान्ह्या बाळांनाही मनगटावर पॅच लावून दिली होती.