डेटाबेसमधील एन्कोडिंग आणि कोलेशन

एन्कोडिंग म्हणजे अक्षर कोणत्या बाइटांत साठवायचे याचा नियम. कोलेशन म्हणजे दोन शब्द एकच मानायचे की वेगळे, आणि यादीत आधी कोणता लावायचा, याचा नियम. दोन्ही गोष्टी डेटाबेस उभारतानाच ठरवाव्यात. नंतर बदलायच्या तर इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूची) नव्याने बांधावे लागतात, आणि हरवलेली अक्षरे परत मिळत नाहीत.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ‘यूटीएफ८एमबी४’ हाच अक्षरसंच, म्हणजे एन्कोडिंग, निवडावा. नुसत्या ‘यूटीएफ८’ नावाखाली तिथे बराच काळ तीन बाइटांपुरता संच मिळत आला आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसते, त्यामुळे मराठी मजकूर सुरळीत चालतो आणि उणीव लक्षातच येत नाही. चार बाइटांचा इमोजी आला की अडते. आवृत्ती ८.० पासून ‘यूटीएफ८एमबी४’ मूळचाच (न निवडताही लागू होणारा) आहे, त्याआधी ‘लॅटिन१’ असे. जुन्या टेबलांत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती. चार बाइटांच्या हिशेबाने ती १९१ अक्षरांवर संपते, म्हणून २५५ अक्षरांच्या कॉलमवर इंडेक्स बांधताना चूक येते. डेटाबेसचा संच बदलला तरी आधीची टेबले तशीच राहतात. प्रत्येक टेबल वेगळे रूपांतरित करावे लागते.

टेबल बरोबर असूनही अॅप आणि डेटाबेस यांच्यातील जोडणीचा संच चुकला तर मजकूर बिघडतो. अशा वेळी ‘हेक्स’ फंक्शनने बाइट सोळा-आधारी अंकांत पाहावेत. ‘म’ साठी ‘ई०ए४एई’ आले तर साठवण ठीक आहे. ‘सी३ए०सी२ए४सी२एई’ आले तर अक्षर दोनदा रूपांतरित झाले आहे आणि ते सोडवता येते. ‘३एफ’ म्हणजे खरेखुरे प्रश्नचिन्ह. तिथे मूळ अक्षर गेलेच.

कोलेशनचा संबंध फक्त क्रमाशी आहे असे समजणे महागात पडते. ‘एआय_सीआय’ अशी अखेर असलेले कोलेशन खुणांचे भेद दुर्लक्षिते. ते निवडण्यापूर्वी ‘खत’ आणि ‘खंत’ यांची तुलना करून पाहावी. उत्तर १ (म्हणजे समान) आले, तर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा) त्यातला दुसरा शब्द ‘आधीच आहे’ म्हणून नाकारेल.

मराठीची खरी कसोटी ‘ऱ्ह’ला लागते. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ पडद्यावर सारखेच दिसतात, पण पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि दुसऱ्यात र, हलन्त व अदृश्य जोडक. बाइटनिहाय तुलनेत ही दोन गावे होतात. युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत) ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून ‘ऱ’ करते, जोडकाला मात्र हात लावत नाही. म्हणून ‘र् + जोडक’च्या जागी ‘ऱ्’ घालणारा नियम माहिती भरतानाच लावावा.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत एन्कोडिंग डेटाबेस बनवताना कायम होते. बदलायचे तर डंप (सगळ्या माहितीची प्रत) घेऊन नव्या डेटाबेसमध्ये भरावे लागते. ‘सी’ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषेनुसार ठरणाऱ्या नियमांचा गट) क्रम बाइटांचा असतो, म्हणून ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये मिसळतो. मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर ‘ळ’ हवा असेल तर आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे ‘एमआर’ (मराठी) लोकेल घ्यावे. आवृत्ती १५ पासून ते संपूर्ण डेटाबेसला लावता येते. तरीही समानता ठरते ती बाइटांवरच, त्यामुळे वरचे कऱ्हाड इथेही दोनच राहते.

लोकेल लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीवर सोपवलेले असेल, तर प्रणाली अद्ययावत केल्यावर क्रमाचे नियम बदलू शकतात. जीलिबसी २.२८ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर बदलले. जुने इंडेक्स मग असलेली नोंदही शोधून देत नाहीत. मजकुरावरचे सगळे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ने पुन्हा बांधावे लागतात.