उचलणं सोपं, सोडणं अवघड: फडकं, वाइप आणि स्वॅब यांची पार्श्वभूमी

कोविडच्या साथीत, मार्च 2020 मध्ये, अमेरिकी हवाई दलाचं एक सी-17 मालवाहू विमान इटलीतल्या अव्हियानो तळावरून निघून टेनेसीतल्या मेम्फिसला उतरलं. त्यात सुमारे 5 लाख स्वॅब होते, म्हणजे नाकातून नमुना घ्यायच्या बारीक काड्या. विषाणूची जनुकं वाचणारी यंत्रं ज्या देशाकडे आहेत त्याला काडी कमी पडावी, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. घराघरात कान साफ करायच्या काड्या पडलेल्या असताना त्याच का वापरू नयेत, असंही लोक विचारत होते. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

पुसणं आणि नमुना घेणं हाताला सारखंच वाटतं. दोन्हींत एका पृष्ठभागावरून काहीतरी उचलायचं असतं. पण फडक्याने उचललेलं धरून ठेवायला हवं, आणि स्वॅबने उचललेलं प्रयोगशाळेत परत द्यायला हवं. उचलण्याचा प्रश्न लवकर सुटला. सोडण्याचा प्रश्न मात्र पिढ्यानपिढ्या शोधकांना छळत राहिला, आणि या क्षेत्रातले खरे महत्त्वाचे शोध तिथेच लागले असं मला वाटतं.

सुरुवात कापसापासून झाली. बोंडातून काढलेला कच्चा कापूस पाणी पीत नाही, कारण त्याच्या तंतूंवर मेणाचा थर असतो. ट्युबिंगनचे शल्यविशारद व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांनी 1860 च्या दशकात हा थर काढलेला शोषक कापूस वापरात आणला आणि 1873 पासून पाउल हार्टमान यांनी जर्मनीत त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू केलं. जखमा पुसायला हाती आलेला हाच कापूस लवकरच जिवाणू शोधायच्या कामाला लागला.

त्या कामाला वस्तूचं रूप मिळालं ते न्यूयॉर्कमध्ये. घटसर्पाने मुलं मरत होती आणि नुसत्या डोळ्यांनी घसा पाहून हा घटसर्प की साधी घसादुखी हे ठरवता येत नव्हतं. 1893 मध्ये शहराच्या आरोग्य विभागात हर्मन बिग्ज आणि विल्यम पार्क यांनी औषधांच्या दुकानांत छोट्या पेट्या ठेवायला सुरुवात केली. एका नळीत टोकाला कापूस गुंडाळलेली बारीक सळई, दुसऱ्या नळीत जिवाणू वाढवायचं माध्यम. डॉक्टरने पेटी न्यायची, रुग्णाच्या घशावरून सळई फिरवून ती माध्यमावर अलगद घासायची आणि पेटी दुकानात परत द्यायची. विभागाचा माणूस ती प्रयोगशाळेत पोचवायचा. कापूस जुनाच होता, सळईही जुनीच. नवा होता तो पेटीचा दुकान ते रुग्ण ते प्रयोगशाळा हा फेरा, आणि ज्याने कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही अशा डॉक्टरलाही चुकता येऊ नये इतकी सोपी केलेली कृती. व्यावहारिक शोध म्हणतात तो हाच. नमुना घ्यायच्या आजच्या प्रत्येक किटमध्ये ही पेटी ओळखू येते.

घरगुती वापराची काडी नंतर आली. पोलंडमध्ये जन्मलेले लिओ गर्स्टेनझँग यांनी पत्नीला दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून बाळाला साफ करताना पाहिलं आणि 1923 मध्ये अमेरिकेत तयार काड्यांचा धंदा सुरू केला, अशी हकिकत सांगितली जाते. त्यांच्या मालाचं पहिलं नाव होतं ‘बेबी गेज’, पुढे त्याचं ‘क्यू-टिप्स’ झालं. काडी बरीच वर्षं लाकडी होती. 1958 मध्ये कंपनीने इंग्लंडमधली, मिठायांसाठी कागदी काड्या बनवणारी एक कंपनी विकत घेतली आणि तिची यंत्रं अमेरिकेत नेली. त्याच सुमारास, 1957 मध्ये, आर्थर ज्युलियस यांनी सूपची पाकिटं भरायच्या यंत्रात बदल करून ओला कागदी रुमाल पाकिटबंद केला. आजच्या वेट वाइपचा हा पूर्वज. टिश्यू पेपरची गोष्ट तर सर्वश्रुत आहे: पहिल्या महायुद्धात कापूस टंचाईमुळे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं ड्रेसिंग, 1924 मध्ये चेहऱ्यावरचं क्रीम पुसायला म्हणून बाजारात आलेलं ‘क्लीनेक्स’, आणि लोक त्यात नाक शिंकरतात हे कळल्यावर बदललेली जाहिरात.

फरशी पुसायच्या फडक्यालाही सोडावं लागतंच, कारण न पिळता आलेलं फडकं घाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतं. स्पेनमध्ये हा प्रश्न सोडवण्याचं श्रेय सहसा मानुएल हालोन कोरोमिनास यांना दिलं जातं. हे विमान अभियंता. अमेरिकेत असताना त्यांनी विमानांच्या हँगरमध्ये लांब दांड्याचा मॉप आणि पिळायची सोय असलेली बादली पाहिली, आणि 1956 मध्ये घरगुती वापराचा मॉप व बादली सारागोसातून बाजारात आणली. तोवर स्पेनमधल्या बायका गुडघ्यांवर बसून फरशी घासत असत. पाणी आणि साबण तेच राहिले, बाईला मात्र उभं राहता आलं. हालोन पुढे एकदाच वापरायच्या प्लास्टिक सिरिंजच्या उत्पादनाकडे वळले.

प्रयोगशाळेत मात्र कापसाविरुद्ध तक्रारी जमू लागल्या होत्या. एक, काही नाजूक जिवाणू कापसावरच मरत. कापसात शिल्लक राहिलेली मेदाम्लं गनोरियाच्या (परम्याच्या) जिवाणूला सोसत नाहीत. दोन, काडी वाळली की सगळंच संपलं. 1950 च्या दशकात ग्लासगोच्या आर. डी. स्टुअर्ट यांनी वाटेत जिवाणू ना मरेल ना वाढेल असं मऊ माध्यम तयार केलं आणि विषारी अंश शोषून घ्यावा म्हणून स्वॅबला कोळशाची पूड दिली. 1967 मध्ये ॲमीस यांनी ती पूड माध्यमातच मिसळली. कॅरी आणि ब्लेअर यांचं 1964 चं माध्यम शौचाच्या नमुन्यांसाठी आजही वापरात आहे.

तिसरी तक्रार सर्वांत चिवट होती. कापसाचा बोळा म्हणजे गुंतलेल्या तंतूंची गादी. जे आत शिरलं ते आतच राहतं. यावर 1950 च्या सुमारास ब्रिटनमध्ये निघालेला तोडगा धाडसी होता. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या कॅल्शियम अल्जिनेटचे तंतू काडीला गुंडाळायचे, आणि नमुना घेतल्यावर योग्य द्रावणात ते पूर्ण विरघळवून टाकायचे. बोळाच उरला नाही तर अडकणार काय? या कल्पनेबद्दल मला आजही आदर वाटतो. पण काही दशकांनी जनुकीय चाचण्या आल्या आणि नेमकं हेच अल्जिनेट पीसीआरच्या, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढायच्या, अभिक्रियेत अडथळा आणतं असं दिसलं. लाकडी काडीतून उतरणारी द्रव्यंही तसाच त्रास देतात. म्हणूनच 2020 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने कृत्रिम तंतूंचं टोक आणि प्लास्टिकचा किंवा तारेचा दांडा असलेलेच स्वॅब घ्या, अल्जिनेट आणि लाकडी काडी नको, असं बजावलं होतं.

सोडण्याचा प्रश्न स्वॅबपुरता नव्हता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप चाचणी 1943 नंतर रूढ होत गेली. 1947 मध्ये अर्नेस्ट एअर यांनी पेशी खरवडायला खास आकाराची लाकडी पट्टी दिली. पट्टी काचेवर फिरवायची आणि टाकून द्यायची. तिच्यासोबत पेशींचा मोठा वाटाही कचऱ्यात जातो, हे लक्षात यायला बराच काळ लागला. 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘थिनप्रेप’ पद्धतीत घेतलेला नमुना थेट द्रवात खंगाळतात आणि मग त्या द्रवातून काचपट्टी तयार करतात.

रॉबर्ट गथ्री यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. फिनाइलकीटोनुरिया हा आनुवंशिक आजार नवजात बाळात वेळीच सापडला तर आहार बदलून मेंदूचं नुकसान टाळता येतं. गथ्री यांच्या भाचीला हा आजार होता. त्यांनी बाळाच्या टाचेचं थेंबभर रक्त गाळणकागदावर वाळवलं, कागदाची बारीक टिकली कापली आणि ती टिकलीच जिवाणूंच्या माध्यमावर ठेवली. कागदातून काही काढायचंच नाही; हवं ते आपोआप झिरपतं. वाळलेला कागद टपालाने जातो. जगभरच्या नवजात तपासण्या आजही याच कागदावर चालतात.

आणखी एका साधनाची आठवण व्हायला हवी, कारण ते फार कमी लोकांना माहीत आहे. ब्रेंडन मूर यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पॅराटायफॉइड या तापाचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसताना जिवाणू पसरवणारे लोक, शोधण्यासाठी गॉजच्या घड्या दोऱ्याने बांधून गटारात सोडून ठेवल्या. एका क्षणाचं बाटलीभर पाणी तपासण्याऐवजी घडी काही दिवस वाहत्या पाण्यातून जिवाणू गोळा करत राहते. कोणत्या फाट्यावर जिवाणू सापडतो हे पाहत मागे जायचं, शेवटी घर सापडतं. ‘मूर स्वॅब’ म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती कोविडच्या काळात सांडपाण्याच्या तपासणीत पुन्हा वापरली गेली.

सापडलं नाही याचा अर्थ नाही असा घेतला, की काय होतं ते 2001 मध्ये दिसलं. अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूचं सुप्त, चिवट रूप, पाठवले गेले, त्यानंतर कनेक्टिकटमधल्या वॉलिंगफर्डच्या टपाल केंद्रात स्वॅबने नमुने घेतले. काही आढळलं नाही. पुढे त्याच राज्यात 94 वर्षांच्या एका महिलेचा अँथ्रॅक्सने मृत्यू झाला. मग ओली वाइप्स आणि व्हॅक्यूम वापरून अधिक विस्तृत नमुने घेतले, तेव्हा त्याच केंद्रातल्या यंत्रांवर बीजाणू मिळाले. कोणतं साधन किती भाग उचलतं आणि त्यातला किती परत देतं, याची आकडेवारी तपासलेलीच नव्हती, अशी टीका नंतर अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने केली. पुसायचं साधन इथे नमुना घ्यायचं साधन म्हणून वरचढ ठरलं, कारण मोठा पृष्ठभाग व्यापणं काडीला जमत नाही.

दुसरा धडा जर्मनीने दिला. एप्रिल 2007 मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेलं डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे 40 प्रकरणांत सापडलं होतं. काही प्रकरणं 1993 इतकी जुनी. एकच अज्ञात बाई खून, घरफोड्या, चोऱ्या करत हिंडते आहे असा समज झाला. 3 लाख युरोंचं बक्षीस लागलं. 2009 मध्ये उलगडलं की ते डीएनए स्वॅब तयार करणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार महिलेचं होतं. काड्या निर्जंतुक होत्या, आणि निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात. डीएनए मात्र तसंच राहू शकतं. त्या कामगार महिलेचा यात काडीचाही दोष नव्हता. वस्तू एका कामासाठी बनली होती आणि दुसऱ्याच कामाला वापरली गेली. न्यायवैद्यक साहित्यात मानवी डीएनएची भेसळ कमीत कमी ठेवण्यासाठी आयएसओ 18385 हे आंतरराष्ट्रीय मानक 2016 मध्ये आलं.

स्वॅबच्या रचनेतला मोठा बदल मात्र याआधीच, 2003 च्या सुमारास, इटलीतल्या ब्रेशा शहरातल्या कोपान कंपनीत झाला होता. मखमली पृष्ठभाग बनवायचं फ्लॉकिंगचं तंत्र कापडधंद्यात जुनंच होतं. डॅनिएले ट्रिव्हा यांनी ते काडीवर आणलं. टोकाला गोंदाचा थर द्यायचा, नायलॉनचे अगदी आखूड तंतू विद्युतक्षेत्रात सोडायचे. ते पृष्ठभागाशी काटकोनात उभे चिकटतात. गुंडाळी नाही, गादी नाही, आत पोकळीही नाही. द्रव उभ्या तंतूंमधल्या फटीत धरला जातो आणि नळीतल्या द्रवात काडी फिरवली की बहुतेक सगळा बाहेर येतो. अर्धशतकाहून जुनी तक्रार एवढ्याने मिटली. पण हे तंत्र जमणारे कारखाने मोजकेच होते, त्यातला एक ब्रेशाच्याच लोंबार्डी प्रांतात, 2020 मध्ये ऐन साथीच्या केंद्रस्थानी. त्या टंचाईत साउथ फ्लोरिडा विद्यापीठ, नॉर्थवेल हेल्थ हा रुग्णालय समूह आणि फॉर्मलॅब्स ही थ्रीडी प्रिंटर कंपनी यांनी मिळून थ्रीडी प्रिंटरवर छापलेला स्वॅब आणला. त्यात तंतूच नाहीत. टोकाचा खाचाखोचांचा आकारच द्रव धरतो.

फडक्याच्या बाजूला त्याच्या बरीच आधीपासून उलट दिशेने, म्हणजे अधिक घट्ट धरण्याच्या दिशेने, प्रगती चालू होती. 1970 मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म तंतू बनवायची रीत शोधली. पुढे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे जोडतंतू चिरून पाचरीच्या आकाराच्या बारीक कडा काढल्या जाऊ लागल्या. मायक्रोफायबरच्या त्या कडा धुळीला खरवडून फटीत कोंडतात, म्हणून साध्या पाण्यावरही ते चांगलं पुसतं.

इतकं घट्ट धरणाऱ्या वस्तूंचा त्रास आता गटारांना होतो आहे. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात चरबी आणि वेट वाइप्स साचून झालेला सुमारे 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा काढायला आठवडे लागले. ओलं असताना फाटू नये म्हणूनच वाइप बनवलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात विरत नाही. यावर निघालेला एक उपाय मला विशेष हुशारीचा वाटतो. आखूड तंतू मिठाला संवेदनशील अशा बंधकाने (चिकटवणाऱ्या द्रव्याने) जोडायचे. पाकिटातल्या खारट द्रवात बंधक घट्ट राहतो, आणि वाइप गटारातल्या कमी क्षाराच्या पाण्यात पडलं की बंधक सैल होऊन तंतू सुटे होतात.