मांडवीकाठच्या स्मारकात सळई नको

५ जुलै १९८६. ऐन पावसाळ्यात पणजीजवळचा मांडवीवरचा पूल कोसळला. तो बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती. जीव गेले, आणि बेती-पर्वरीकडे जाणारी माणसं पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. त्या मृतांचं स्मारक नदीकाठी बांधायचं, तर ते कशाचं असावं? प्रश्न शिल्पकाराचा वाटतो, पण आधी तो रसायनशास्त्राचा आहे. पुलाला ज्या मिठाने पोखरलं, तेच मीठ स्मारकाच्याही वाट्याला येणार.

काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या पोलादावर ऑक्साईडचा पातळ थर बसतो आणि तो शाबूत आहे तोवर पोलाद गंजत नाही. मांडवी इथे भरती-ओहोटीची. खाऱ्या हवेतले क्लोराईड, म्हणजे मिठाचाच एक घटक, काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपतात आणि हा थर जागोजागी फोडतात. गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट तडकतं, ढलपे निघतात. साध्या सळईचं निदान हे डोळ्यांना दिसतं. हा पूल मात्र पूर्वताणित काँक्रीटचा होता, म्हणजे आतल्या तारा कायम प्रचंड ताणाखाली. अशा तारेवर गंजाचा बारीक खड्डा पडला तरी ती तुटू शकते. बाहेर डागही नसतो.

स्मारक म्हटलं की गोव्यात आधी चिरा आठवतो. लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साईडचा हा जांभा दगड खाणीत सहज कापला जातो आणि हवेवर घट्ट होतो. पण मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. बारीक अक्षर कोरायला गेलं की कड ढासळते. जुन्या गोव्याच्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. तिथल्या बॉम जेझूस चर्चच्या भिंती चिऱ्याच्या, दर्शनी कोरीवकाम मात्र वसईहून आणलेल्या बेसाल्टमध्ये. भिंतींवरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून उघडा चिरा पाऊस झेलतो आहे. गिलावा परत करावा का, हा वाद अजून मिटलेला नाही.

संगमरवर चर्चच्या आत ठीक. तो कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारा. पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्ल, आणि गोव्यात ते वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतं. अक्षरांच्या कडा बोथट व्हायला कितीसा वेळ लागणार?

माझं मत बेसाल्ट किंवा ग्रॅनाईटच्या बाजूने. नावं दगडातच खोल कोरलेली, वरून चिकटवलेली नकोत. खरा धोका पाठीमागे असतो: दगड जोडायला साध्या लोखंडाच्या खुंट्या घातल्या, तर त्या फुगून दगड आतून फोडतात. खुंटी लागलीच, तर मॉलिब्डेनम हा क्लोराईडला तोंड देणारा धातू असलेलं स्टेनलेस स्टील मागावं. महाग पडेल, आणि ठेकेदार कुरकुरेल ते वेगळंच.