लिगुरिया

इटलीच्या वायव्येकडील किनारी प्रांत. क्षेत्रफळ ५,४१६ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १५ लाख. राजधानी जेनोआ. पश्चिमेस फ्रान्स, उत्तरेस पिडमाँट, पूर्वेस एमिलिया-रोमान्या व टस्कनी आणि दक्षिणेस लिगुरियन समुद्र यांनी सीमित झालेला हा प्रांत धनुष्यासारखा वाकलेला आहे. जेनोआच्या पश्चिमेकडील किनाऱ्याला रिव्हिएरा दी पोनेंते (मावळतीचा किनारा) व पूर्वेकडील किनाऱ्याला रिव्हिएरा दी लेव्हांते (उगवतीचा किनारा) म्हणतात.

इटलीच्या सरकारी वर्गीकरणानुसार लिगुरियाची सुमारे ६५% जमीन पर्वतमय, उरलेली डोंगराळ आणि सपाट जमीन शून्य टक्के आहे. आल्बेंगाजवळचे छोटे मैदान या हिशेबात येत नाही, मात्र भाजीपाल्याचे खरे आगर तेच. सव्होनाच्या मागे कादिबोना खिंडीपाशी आल्प्स संपून ॲपेनाइन्स सुरू होतात, असे भूगोलात मानले जाते. माँते साक्कारेल्लो (२,२०१ मी.) हे सर्वोच्च शिखर फ्रान्सच्या सीमेवर आहे. कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये निदान काही कोसांची पट्टी मिळते. इथे अनेक ठिकाणी डोंगर थेट पाण्यात उतरतो. त्यामुळे नद्या आखूड, तीव्र उताराच्या आणि उन्हाळ्यात बहुधा कोरड्या असतात.

हवामान भूमध्यसागरी आहे. उत्तरेचे थंड वारे डोंगर अडवतात, म्हणून किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असतो: जेनोआत जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे ८° से., तर जुलैचे २४° से.च्या आसपास. मात्र ‘रिव्हिएरा म्हणजे ऊन’ ही पर्यटन-पत्रकांतली समजूत अर्धीच खरी आहे. आल्प्सच्या आडोशाला जेनोआच्या आखातावर कमी दाबाची क्षेत्रे वारंवार तयार होतात. शरद ऋतूत, समुद्र अजून उबदार असताना, दमट वारे डोंगरावर आदळून काही तासांत प्रचंड पाऊस पाडतात. २५ ऑक्टोबर २०११ रोजी व्हेर्नाझ्झा आणि माँतेरोस्सो ही गावे चिखल-दगडांनी भरून गेली. पाठोपाठ ४ नोव्हेंबरला जेनोआत पूर येऊन सहा जणांचा बळी गेला. याचा दोष केवळ पावसाला देता येत नाही. जागेच्या हव्यासापायी जेनोआने बिसान्यो नदीचा खालचा टप्पा १९३० च्या दशकात वरून झाकून टाकला आणि त्यावर रस्ते केले. नदीला मग दुसरी वाट उरली नाही.

शेतीनेही जागा अशीच घडवून घेतली. उतारावर चुनामातीशिवाय रचलेले दगडी गडगे आणि त्यांमागे अडवलेली अरुंद पट्टी, हे शतकानुशतकांच्या कष्टांचे काम आहे. ट्रॅक्टर इथे चढत नाही. चिंक्वे तेर्रेत (पूर्व किनाऱ्यावरील पाच गावांचा पट्टा) द्राक्षे खाली आणायला एकरुळी गाड्या वापरतात. सुकवलेल्या द्राक्षांची शाक्केत्रा ही गोड वाइन तिथलीच. पश्चिमेला ताज्जास्का जातीचे बारीक, सौम्य चवीचे ऑलिव्ह पिकते. सान रेमोभोवती काचघरांतील फुलशेती आहे. जेनोआजवळच्या प्रा येथील तुळशीच्या कुळातले बझील प्रसिद्ध आहे. ते लसूण, चिलगोजे, चीज व ऑलिव्ह तेलासह दगडी खलात कुटले की पेस्तो तयार होतो.

पण प्रांताचे पोट भरते ते समुद्रावर. जेनोआचे प्रजासत्ताक मध्ययुगात व्हेनिसचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते. तिथली सेंट जॉर्ज बँक १४०७ मध्ये स्थापन झाली. प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडाले, बंदर टिकले. आज जेनोआ इटलीच्या प्रमुख मालवाहू बंदरांत मोडते. मिलान-तुरीनच्या औद्योगिक पट्ट्याचा माल येथून जातो. भरावाखेरीज वाढीला वाव नसल्याने कंटेनर धक्का आणि विमानतळही समुद्रात भर टाकूनच उभारले. ला स्पेत्सिया हे नौदलाचे ठाणे असून प्रांतात जहाजबांधणीही चालते. जेनोआच्या कोर्निल्यानो भागातील पोलाद कारखान्याची झोतभट्टी २००५ मध्ये बंद झाली. दऱ्यांवरून जाणाऱ्या महामार्गांवर ही अर्थव्यवस्था किती विसंबून आहे, ते १४ ऑगस्ट २०१८ रोजी जेनोआतील मोरांदी हा महामार्गाचा पूल कोसळून ४३ जण मरण पावले तेव्हा दिसले. जेनोआचेच वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या संकल्पनेतील नवा पूल २०२० मध्ये खुला झाला.

इटलीत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असणारा हा प्रांत आहे. तरुण शेती सोडतात, गडगे ढासळतात आणि दरडींचा धोका वाढतो. दुसरीकडे, १९९७ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत पर्यटकांची एवढी गर्दी होते की रहिवाशांनाच वाट मिळत नाही. त्यांपैकी रिओमाज्जोरे व मानारोला या गावांना जोडणारी कड्यावरची पायवाट २०१२ मध्ये दरड कोसळून पर्यटक जखमी झाल्यावर बंद झाली; ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली, आता तिकीट आणि आगाऊ नोंदणीसह.